सोलापूर ते मिरज, एक तास वीस मिनिटं

बाळीवेशीत कुणाला परगावी जायचं असलं की तो आधी बसलिंगप्पा हत्तुऱ्यांच्या ओट्यावर येई. लेक लांब द्यायची ठरत असली तर तिचा बाप येई, बैल बाजाराला नेणारा येई, माहेरी निघालेल्या बायका येत. बसलिंगप्पा रस्त्यांच्या कचेरीत मुकादम होते. मैलांचे दगड रोवायचे, पडलेले उभे करायचे, पुसट झालेले आकडे परत रंगवायचे, हे त्यांचं काम. पण त्यांच्याकडून नुसता आकडा कधी मिळत नसे. मंगळवेढं किती, असं विचारलं की ते सांगत, चौतीस मैल. तिऱ्ह्याला सीना लागते, बेगमपूरला भीमा. भीमा सकाळीच ओलांडा, बैलांना पाणी तिथंच दाखवा, पुढच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. ऐकणारा माणूस उठून जाताना अर्धा रस्ता चालून आल्यासारखा निर्धास्त असे.

सगळ्या रस्त्यांत त्यांचा जीव मिरजेच्या रस्त्यावर होता. १९२४ साली हा रस्ता त्यांनी स्वतः मोजला होता. हातात दांडा, दांड्याच्या टोकाला लोखंडी चाक, चाकावर फेऱ्या मोजणारी तबकडी. सोलापुरापासून मिरजेच्या वेशीपर्यंत ते चाक त्यांनी एकोणीस दिवस ढकललं. मंगळवेढ्यापाशी संस्थानी हद्द लागली, तिथल्या शिपायानं दोन दिवस अडवून ठेवलं, तेवढेच दोन दिवस चाक थांबलं. एकशे पंधरा मैल दोन फर्लांग. हा आकडा बसलिंगप्पा स्वतःच्या वयासारखा, विचारताक्षणी सांगत.

त्या मोजणीवरून नकाशा काढला तो अण्णारावांनी. अण्णाराव त्याच कचेरीत नकाशे काढायला होते. दोघं एका शाळेत, एका बाकावर शिकलेले. बसलिंगप्पा उंच, रुंद, पायात कायम रस्त्याची धूळ. अण्णाराव लहानखुरे, बारीक बोटांचे, इंग्रजी चांगलं. रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्यांवर दोघं सोंगट्या खेळत. नकाशाच्या कोपऱ्यात अण्णारावांची सुबक सही होती आणि बसलिंगप्पांचं नाव कुठंच नव्हतं, हे बसलिंगप्पांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण पद्धतच तशी होती, आणि अण्णारावांच्या मनात काही नव्हतं हेही त्यांना कळत होतं. नऊ वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त कचेरीत नकाशा उलगडला की त्यांची नजर आधी त्या कोपऱ्यात जाई.

१९३३ च्या मार्गशीर्षात सोलापुरात विमानं आली. मार्शल लॉ उठून तीन वर्षं झाली होती, गावात पोलिसांशिवाय दुसरं काही पाहायला मिळतंय यावरच लोक खूष होते. गावाबाहेरच्या माळावर दोन विमानं उतरली आणि चार दिवस माणसांना पाच-पाच मिनिटं वर फिरवून आणत राहिली. गिरण्यांची पाळी सुटली की माळ माणसांनी भरून जाई. बसलिंगप्पा एकदा लांबून पाहून आले. बायकोला, दानम्मांना, त्यांनी सांगितलं की नुसती गोल फेरी मारून जिथल्या तिथं उतरतात, त्यात अंतर काही कापलं जात नाही.

पाचव्या दिवशी कचेरीत निरोप आला. एक विमान पुण्याकडं परत जाणार होतं आणि दुसरं मिरजेला. चालवणारा साहेब नवा होता. त्याच्या नकाशात सोलापूर आणि मिरजेच्या मधला मुलूख जवळजवळ कोराच होता, आगगाडीचा रूळही सरळ जात नव्हता. पुढच्या जागेवर एक माणूस बसू शकत होता. ह्या रस्त्याची पक्की माहिती असणारा कुणी कचेरीनं द्यावा, असं त्याचं म्हणणं होतं. हेडक्लार्कनं क्षणभरही विचार न करता बसलिंगप्पांचं नाव सांगितलं.

त्या रात्री बसलिंगप्पा जेवले नाहीत. दानम्मांनी कारण विचारलं तर म्हणाले, भूक न्हाय. सकाळी दाढी केली, नवं धोतर नेसले, लग्नातला रेशमी रुमाल डोक्याला गुंडाळला. वर थंडी असते म्हणून लोकरीचा जाड कोट घेतला. शेजारच्या चनबसप्पांनी त्यांना ओट्यावर बसवून दूध पाजलं. बाळीवेशीतली निम्मी माणसं मागोमाग माळावर गेली. अण्णारावही आले, गुंडाळलेला नकाशा काखेत घेऊन. वाटेत लागला तर असावा, असं म्हणत त्यांनी तो बसलिंगप्पांच्या हातात दिला.

साहेबानं बसलिंगप्पांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि काही तरी विचारलं. माळाच्या कडेला कापसाच्या गाठी तोलण्याचा काटा होता. तिकडं त्यांना नेण्यात आलं. एवढ्या लोकांसमोर बसलिंगप्पा काट्याच्या फळीवर उभे राहिले. एकशे शहाण्णव रत्तल भरले. साहेबानं मान हलवली. पेट्रोल पुरतं भरलेलं होतं, सामान होतं, जागा ओबडधोबड होती. दीडशेच्या वरचा माणूस तो घेणार नव्हता. मग त्याचं लक्ष अण्णारावांकडं गेलं. नकाशा कुणी काढला, असं त्यानं विचारलं. अण्णारावांनी इंग्रजीत उत्तर दिलं. साहेबाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू दिसलं. काट्यावर अण्णाराव एकशे अठरा भरले.

अण्णाराव बसलिंगप्पांपाशी आले. "बसलिंग, मी जाऊ का?" त्यांनी विचारलं. "तू नको म्हणालास तर नाही जात."

"जा की," बसलिंगप्पा म्हणाले. "मी कशाला नको म्हणू?"

आणि हातातला नकाशा परत दिला. मग अंगातला कोट काढून तोही दिला, कारण अण्णारावांच्या अंगात नुसता सुती अंगरखा होता. तो कोट अण्णारावांच्या गुडघ्याखाली आला तेव्हा माणसं हसली. बसलिंगप्पाही हसले. पंखा फिरला, धूळ उडाली, विमान दोनदा आपटून वर गेलं आणि पश्चिमेला वळलं.

लोक पांगले. बसलिंगप्पा माळावरच एका दगडावर बसले आणि खिशातलं घड्याळ काढलं. साहेब ताशी ऐंशी मैल म्हणाला होता. सात मिनिटांनी त्यांच्या मनात आलं, तिऱ्हे. तिथं पोचायला त्यांना चाक घेऊन सकाळची दुपार झाली होती. सतरा मिनिटांनी बेगमपूर. भीमेच्या वाळूत चाक रुतलं होतं, ते त्यांनी खांद्यावर घेऊन पाण्यातून नेलं होतं. पंचवीस मिनिटांनी मंगळवेढं, तिथली दोन दिवसांची अडवणूक अण्णारावांच्या पायाखालून श्वास घेण्याइतक्या वेळात सरली असणार. चाळीस मिनिटांनी सांगोलं. पुढं जुनोणीचा माळ, जिथं त्यांना तापानं गाठलं होतं आणि जिथल्या प्रत्येक दगडाला त्यांनी हात लावलेला होता. आणि तिथून आत्ता, ह्या घटकेला, त्यांच्या कोटात बसून दुसराच माणूस जात होता. सव्वा तास झाला तेव्हा ते उठले. चालत घरी आले.

दुपारी कचेरीत तार आली. सोलापूर ते मिरज, एक तास वीस मिनिटं, सुखरूप.

अण्णाराव तिसऱ्या दिवशी आगगाडीनं परतले. मिरजेहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथं गाडी बदलून सोलापूर, सगळा एक दिवस आणि एक रात्र. स्टेशनावर पन्नास माणसं हार घेऊन उभी होती. बसलिंगप्पा गेले नाहीत, त्यांनी अंगदुखीचं निमित्त सांगितलं. पुढचे आठ-दहा दिवस अण्णारावांच्या दारात रीघ लागली. गावातल्या साप्ताहिकात त्यांची हकीकत आली. शाळेत त्यांना बोलावलं. नकाशाचं विचारलं तर ते म्हणत, साहेबांना आठवण म्हणून दिला. लोक एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत: मिरज किती लांब? अण्णाराव सांगत, हवेतून एकशे एक मैल.

आणि इथं खरी ठिणगी पडली. लोकांना एकशे पंधरा माहीत होतं. चौदा मैल कुठं गेले? रस्ता नदीच्या उताराकडं, विहिरीकडं, गावाकडं वळतो आणि विमान वळत नाही, हे अण्णारावांनी एक-दोनदा सांगितलंही, पण ऐकायचं कुणाला होतं? अडत्याच्या दुकानात, न्हाव्याकडं, देवळात, सगळीकडं थट्टा सुरू झाली की बसलिंगप्पांनी एकोणीस दिवसांत चौदा मैल जास्त ढकलले. कुणी म्हणालं, वाटेत झोप लागली असंल आन चाक गोल फिरलं असंल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या दिवसानंतर ओट्यावर अंतर विचारायला कुणी येईना. जायचे ते गल्ली ओलांडून अण्णारावांकडं जात.

बसलिंगप्पांच्या ओट्यावरून अण्णारावांचं दार दिसे. किती माणसं तिथं थांबली ते बसलिंगप्पा मोजू लागले. मोजायची सवयच होती. सोमवारी नऊ, मंगळवारी चौदा. अण्णारावांना विमानातल्या थंडीनं कान दुखण्याची व्याधी लागली हे कळलं तेव्हा बसलिंगप्पांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली याचाही राग पुन्हा अण्णारावांवरच निघाला. तळ्याच्या पायऱ्यांवर जाणं त्यांनी सोडलं. अण्णाराव सोंगट्यांची पिशवी घेऊन दोनदा दारात आले. दोन्ही वेळा दानम्मांनी, हे झोपलेत, असं सांगितलं आणि आतून बसलिंगप्पांनी ते ऐकलं.

मग ते जेवण तोडू लागले. तीन भाकऱ्यांची एक झाली, रात्रीची तीही बंद. दर शनिवारी गुपचूप कापसाच्या काट्यावर जाऊन उभे राहत. एकशे नव्वद. एकशे शहाऐंशी. विमान पुन्हा येणार आहे असं कुणीही म्हणालं नव्हतं. दानम्मांना आधी वाटलं आजार आहे. खरं कारण कळलं तेव्हा त्यांनी ताटात दोन भाकऱ्या वाढल्या, समोर बसल्या आणि कानडीत म्हणाल्या, "साकु." मग मराठीत, "पुरं झालं आता. तुमी वाळून काटकी झालात तरी अण्णाराव काय खाली उतरणार न्हाईत." बसलिंगप्पा ताट सारून उठून गेले.

माघात त्यांना सांगोल्यापुढच्या दगडांच्या पाहणीला पाठवलं. त्यांना गावातून सुटका हवीच होती. जुनोणीच्या माळावर एक दगड आडवा पडला होता. तो उभा करत असताना शेजारीच मेंढरं चरत होती. येडू नावाचा धनगर आणि त्याची बायको मायाक्का, दोघं बसलिंगप्पांना वर्षानुवर्षं ओळखत. मायाक्कानं ताकाचा गडवा आणून दिला आणि सहज बोलता बोलता म्हणाली, दोन म्हैन्यामागं हितं इमान उतरलं हुतं.

बसलिंगप्पांच्या हातातला गडवा तसाच राहिला. "कुटं उतरलं?"

"ह्ये काय, हितंच," येडू म्हणाला. "मेंढरं पार त्या वड्यापतुर पळाली. एक सायेब हुता आन एक बारका मानूस. आंगात ह्यो एवडा मोटा कोट."

बसलिंगप्पांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. बारका माणूस उतरला तो सरळ जमिनीवर पालथा पडला. भडाभडा ओकला. दोन्ही हातांनी माती धरून पडून राहिला. साहेब त्याला काही विचारत होता, पण त्याला बोलता येईना. मग साहेबानंच येडूला खुणेनं विचारलं, मिरज, मिरज. येडू दर साल मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जाई. त्यानं काठीनं मातीत रेघ काढून दाखवली: असं जावा, दंडोबाचा डोंगर दिसंल, त्येच्या अंगानं गेलं की फुडं मिरज. मायाक्कानं बारक्या माणसाला ताक दिलं, तोंड धुवायला पाणी दिलं. मग ते गेले.

किती वेळ थांबले, असं बसलिंगप्पांनी विचारलं. मायाक्का म्हणाली, भाकरी भाजून हुईस्तवर. अर्धा तास तरी, बसलिंगप्पांनी हिशेब केला. म्हणजे एक तास वीस मिनिटं हा आकडा खोटा होता. विमानाची चाकं जिथून गेली ती जागा येडूनं दाखवली. मधे पाऊस झालेला नव्हता, दोन पुसट चाकोऱ्या अजून होत्या. बसलिंगप्पांनी त्यासुद्धा पावलांनी मोजल्या. त्यांना इतका आनंद झाला की येडूला मिठी मारावी असं वाटलं. चार दिवसांचं काम त्यांनी दोन दिवसांत उरकलं. परतीच्या वाटेवर बैलगाडीत ते पोटभर जेवले, बऱ्याच दिवसांनी.

त्या रविवारी दुपारी पेठेतल्या वाचनालयात अण्णारावांचं भाषण होतं. विषय होता हवाई प्रवास. साठ-सत्तर माणसं, त्यात शाळेचे मास्तर, वकील. अण्णाराव फळ्यावर रेघ काढून बोलत होते, सीना अशी, भीमा अशी. बसलिंगप्पा शेवटच्या रांगेत बसले होते. अण्णारावांना ते दिसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मित्र राग सोडून आला असं त्यांना वाटलं असावं. भाषण संपलं, कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर बसलिंगप्पा उभे राहिले.

"सांगोल्याच्या पुढं जुनोणीच्या माळावर," त्यांनी विचारलं, "तुम्ही किती वेळ थांबला होतात?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अण्णारावांना 'तुम्ही' म्हटलं.

अण्णारावांच्या हातातला खडू फळ्यापाशीच थांबला. ते म्हणाले, "अर्धा तास."

मग बसलिंगप्पांनी सगळं सांगितलं. कोट, वांती, पालथं पडणं, येडूची काठी, मायाक्काचं ताक. एकही गोष्ट सोडली नाही. दगडाचा आकडासुद्धा सांगितला. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी खोली हसली. एका मास्तरांनी विचारलं, मग एक तास वीस मिनिटं कशी धरायची? अण्णाराव म्हणाले, साहेबानं उडण्याचा वेळ तेवढाच धरला, मी तोच सांगितला. त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले, त्यातला एक खाली पडला, तो न उचलताच ते बाजूच्या दारानं निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून बसलिंगप्पांच्या ओट्यावर माणसं आली. चौदा मैलांची थट्टा संपली. कुणी म्हणालं, शेवटी मेंढक्यालाच रस्ता ठाऊक. चनबसप्पांनी पाठीवर थाप मारली. दोन दिवस बसलिंगप्पा त्यात बुडून गेले. तिसऱ्या दिवशी एक माणूस बार्शीचं अंतर विचारायला आला आणि बसलिंगप्पांनी नुसता आकडा सांगितला, पुढं विहिरीबद्दल, पाण्याबद्दल काहीच नाही. माणूस थोडा थांबला आणि निघून गेला. समोरचं दार बंद होतं. आता तिथं मोजायला कुणीच नव्हतं, तरी बसलिंगप्पांची नजर तिकडंच जाई.

कचेरीत अण्णाराव खाली मान घालून काम करत. कुणी मुद्दाम विचारी, रावसाहेब, ताक घेणार का? ते शाईची दौत पुढं ओढून घेत. एके दिवशी त्यांच्या बायकोनं, अंबुबाईंनी, लोकरीचा कोट धुऊन, घडी घालून आणून दिला. दानम्मांनी बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या की हे आता जेवत नाहीत नीट.

दानम्मा कोट हातात घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. "कधीपास्नं सांगावं म्हणते," त्या म्हणाल्या. "तुमचं खरं हुतं म्हणून तुमी बोलला न्हाईत. त्यांनला खाली आणायचं हुतं म्हणून बोललात. मी वळखते की तुमाला."

बसलिंगप्पांनी कोट घेऊन खुंटीला अडकवला. त्या संध्याकाळी ते गल्ली ओलांडून गेले. अण्णाराव माजघरात दिव्याची काच पुसत बसले होते. अंबुबाई आत निघून गेल्या.

"मी जळत हुतो," बसलिंगप्पा म्हणाले. "तू वर गेलास तवापास्नं. रोज. तुझा कान दुखला तर मला बरं वाटलं."

अण्णारावांनी काच खाली ठेवली. "ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "म्हणून तर माळाचं सांगितलं नाही. बाकीच्यांना सांगितलं असतं. ते हसले असते तर हसले असते. तुला सांगवत नव्हतं. तू म्हणाला असतास, मी असतो तर चुकलो नसतो. आणि ते खरं होतं."

मग त्यांनी हळूहळू उरलेली गोष्ट सांगितली. नकाशा साहेबाला दिला नव्हता. भीमा ओलांडून गेल्यावर वाऱ्यानं तो हातातून उडून गेला. पण नकाशा असता तरी उपयोग नव्हता. खाली पाहिलं तर त्यांना काही ओळखू येईना. नऊ वर्षं ज्या रेघा ते काढत आले, शाईनं निळ्या-लाल करत आले, त्यातली, नद्या सोडल्या तर, एकही रेघ खाली नव्हती. खाली नुसती तपकिरी जमीन होती. मनात एकच येत होतं, इथं बसलिंग चालत आला होता आणि आपण कधी पायसुद्धा ठेवला नाही. "माळावर उतरलो तेव्हा माती धरून पडलो ते नुसतं ओकारीनं नाही," अण्णाराव म्हणाले. "मला तुझाच हेवा वाटत होता. सहीच्या खाली तुझं नाव घालायला हवं होतं, तेही तेव्हाच आठवलं."

बसलिंगप्पांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्यांनीच पुढं अनेकांना सांगितलं की तसं झालं नाही. अण्णारावांनाही हेवा वाटत होता, तरी वर तेच गेले होते, हे काही पुसलं जात नव्हतं. पण माफी मागायला आलेला माणूस ह्याहून जास्त काय मागणार? त्यांनी सोंगट्यांची पिशवी कुठं आहे असं विचारलं.

पुढं दोघं पुन्हा पायऱ्यांवर बसू लागले. वाचनालयात बसलिंगप्पा स्वतःहून एकदा गेले आणि त्याच माणसांसमोर सांगितलं की एकशे एक आणि एकशे पंधरा, दोन्ही आकडे बरोबर आहेत, एक पाखराचा, एक बैलाचा. आणि अण्णारावांनी आकडा खोटा सांगितलेला नव्हता. त्या वेळी फार माणसं नव्हती. जी होती त्यांना आधीची हकीकतच जास्त आवडली होती. ताकाची थट्टा अण्णारावांच्या मागं दोन-तीन वर्षं राहिली, आणि ती कानावर पडली की बसलिंगप्पा तिथून उठून जात.

एक गोष्ट मात्र त्यांना राहवेना. इतके दिवस रागापायी त्यांनी अण्णारावांना वरचं काहीच विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी खेळ अर्ध्यात थांबवून त्यांनी विचारलं, बेगमपूरची भीमा वरून कशी दिसते? अण्णाराव आठवून आठवून सांगू लागले. वाळू पांढरी, पाणी बारीक, मध्ये काळे खडक, अलीकडं कलिंगडांच्या वाड्यांचे हिरवे चौकोन. बसलिंगप्पा डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, खडक त्या अंगाला न्हाईत, ह्या अंगाला. अण्णाराव म्हणत, मग मी उलटं पाहिलं असणार. आठवड्यातून एकदा तरी हे होई. नदीपासून सुरुवात होऊन ते सांगोल्याच्या माणगंगेपर्यंत जात आणि जुनोणीच्या माळापाशी अण्णाराव थांबत, कारण तिथून पुढं त्यांनी डोळेच मिटून घेतले होते. ऐकताना बसलिंगप्पांना अजून हेवा वाटे. ते लपवतही नसत. "तू बघितलंस, मी न्हाय," असं सरळ म्हणत आणि सोंगट्या हलवत.

१९३७ च्या थंडीत विमानं परत आली. आता ती मोठी होती, काट्यावर कुणाला चढवत नव्हते. अण्णारावांनी स्वतः जाऊन बसलिंगप्पांसाठी जागा ठरवली आणि ओढतच त्यांना माळावर नेलं. बसलिंगप्पांनी आधी विचारायला लावलं, हे कुठं जाणार? पाच मिनिटांची फेरी आहे, तळ्यावरून गिरण्यांवरून फिरवून परत इथंच, असं उत्तर आलं. मिरजेला जाणार का, असं त्यांनी विचारलं. माणूस म्हणाला, नाही, इथून हैदराबादला.

"मग राहू दे," बसलिंगप्पा म्हणाले.

अण्णारावांनी पुष्कळ आग्रह केला. गिरणीची धुराडी दिसतील, तुझं घर दिसेल, असं सांगितलं. बसलिंगप्पा हलले नाहीत. शेवटी ठरवलेली जागा फुकट जाऊ नये म्हणून दानम्मा पुढं झाल्या. पदर कमरेला खोचला, कुणाचा हात न धरता चढल्या आणि पाच मिनिटं वर राहून आल्या. उतरल्यावर त्यांना दोघांनीही एकदम विचारलं, कसं होतं? त्या म्हणाल्या, गार वारं होतं आणि आपल्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या.

घरी येईपर्यंत बसलिंगप्पा दानम्मांच्या दोन पावलं पुढं चालत होते आणि त्या पाच मिनिटांचे मैल मोजत होते.